लोणच्याच्या बरणीतलं यीस्ट

कुंभार पिंपळगाव
२१ एप्रिल २०२५

धम्मपाल,

पत्राच्या सुरुवातीला चिरंजीव लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. आज ते लिहायला हात वळत नाही. तुझ्याशी फोनवर बोलणार नाही, असं मी दोन वर्षांपूर्वी पाहुण्यारावळ्यांदेखत म्हटलं होतं आणि ते पाळतो आहे. पत्राबद्दल तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं.

आज सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. माठाशेजारी परात, परातीत पाणी, पाण्यात तुझ्या आजीची लोणच्याची काचेची बरणी आणि तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. मला वाटलं, यंदा कैऱ्या लवकर आल्या. फडकं उचललं तर आत तांबूस गढूळ पाणी, वर बोटभर फेस, आणि तळातून बुडबुडे वर येत होते. वास घेतला. सगळा जन्म पोरांना विज्ञान शिकवण्यात गेला आहे, मला दुसऱ्यांदा वास घ्यावा लागला नाही. मी तिथेच खाली बसलो.

कुणाच्या घरात हे? राजानंदच्या भावाच्या घरात. तुझा काका हातभट्टीच्या दारूने गेला तेव्हा तू रांगत होतास, तुला काही आठवणार नाही. मला मात्र त्याचे पिवळे पडलेले डोळे अजून दिसतात. आणि तुझ्या ज्या आईने त्याचा दुखवटा सरायची वाट न बघता गावातल्या बायका गोळा केल्या, दारूबंदीचं मंडळ काढलं, पदर खोचून भट्ट्या फोडल्या, तिच्या चुलीशेजारी ही बरणी. पौर्णिमेला विहारात मी पंचशील म्हणतो आणि ती पहिल्या रांगेत बसून माझ्यामागे म्हणते. पाचवं, नशेपासून दूर राहायचं शील तर ती सगळ्यांहून मोठ्याने म्हणते.

मी विचारलं, "कांता, हे काय हाय?"

"यीस्ट हाय. धम्मपालचं."

"म्हंजी दारूच की."

"दारू काहून? मी काय दारू गाळून राह्यले का? जीव हायेत तेच्यात, ते वाढवून राह्यले. हात लावलाच हाय तर जरा हलवा."

हलवा म्हणाली. मला. मी हलवली नाही, एवढं ध्यानात ठेव.

मग एकेक गोष्ट काढून घेतली. तू पुण्याच्या त्या बिअरच्या कारखान्यात टाक्या धुतोस, हे मला माहीत होतं. तुझ्या मालकाने मागच्या शेडमधली जुनी टाकी तुला एकदाच वापरायला दिली आहे, हे माहीत नव्हतं. एकदाच, आणि तीही बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात. साधली तर तू बिअर बनवणारा, फसली तर पुन्हा टाक्या धुणारा. आपल्या बागेतल्या मोसंबीच्या सालीवरून कॉलेजात असताना काढलेलं यीस्ट तुला त्यात घालायचं आहे. ते वाढवायला कारखाना जागा देत नाही, कारण बाहेरचे जीव त्यांच्या टाक्यांत शिरतील म्हणून ते घाबरतात. तुझ्या खोलीवर फ्रिज नाही. मग तुला घर आठवलं. म्हणजे आई आठवली.

एवढ्या बायांच्या गावात तुला हे काम सांगायला दारूबंदीची अध्यक्षच सापडली. मला जबर धक्का बसला आहे. हे पत्र पोचलं की त्या बरणीचं काय करायचं ते तुझ्या आईला कळव, नाहीतर मी मोरीत ओतणार आहे.

अण्णा


२५ एप्रिल

धम्मपाल,

बरणी ओतलेली नाही. तुझ्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं आहे आणि बोलणं टाकलं की ती भाजीत मीठ घालत नाही, हे तुला माहीत आहे.

हे पत्र फक्त चुका दाखवण्यासाठी आहे. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

पहिली चूक तुझ्या आईची. तू पाठवलेल्या काचेच्या नळीतलं अर्धंच यीस्ट तिने घातलं आणि उरलेलं फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे जपून ठेवलं. का, तर म्हणे दह्याला चमचाभर विरजण पुरतं. मी म्हटलं, हे दही नव्हे. दुधाला विरजण कमी पडलं तर दही उशिरा लागतं, एवढंच. इथे पुढे गाठ आहे ती तुझ्या जड बिअरशी, साध्या बिअरच्या दुप्पट गोड पाण्याशी. तेवढ्या गोडात मूठभर जीव सोडले तर ते सुरुवातीला जोरात उड्या मारतात, मग त्यांनीच केलेला मद्यार्क त्यांना जड जातो आणि अर्धी साखर तशीच सोडून ते तळाशी बसून राहतात. आणि ते बसले की त्यांच्या जागी दुसरेच कुणीतरी शिरतात आणि सगळं नासतं. अवघड कामाला आधी माणसं पुरेशी लागतात. एकट्यादुकट्याला ढकलून देऊन भागत नाही.

दुसरी चूक तुझी. "माल्टची भुकटी पाण्यात उकळून गार कर आणि टाक" असं तू फोनवर सांगितलंस. किती पाण्याला ती जवाची भुकटी किती, ते सांगितलं नाहीस. आईने चहाच्या अंदाजाने टाकली. मी सोनाराच्या तराजूसारखा तो छोटा तराजू पायलकडून मागवला. तुझी बहीण जालन्याहून आली तेव्हा घेऊन आली. आता एक भाग भुकटी, दहा भाग पाणी. यीस्ट वाढवताना पाणी पातळच हवं, जीव वाढवायचे आहेत, दमवायचे नाहीत. एवढं तुला शिकवलं नव्हतं का कुणी?

तिसरी चूक झाकणाची. तुझ्या आईने झाकण आवळून वर दोरी बांधली होती, लोणच्याला बांधतात तशी. दुपारी झाकण छताला लागलं. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, मला वाटलं ट्रॅक्टरचा टायर फुटला. आता वर नुसता चांदीचा कागद सैल ठेवला आहे. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची धूळ आत जात नाही.

जाता-येता कुणीतरी बरणी हलवतं. हवा मिसळली की जीव झपाट्याने वाढतात, हे बरोबर आहे. कोण हलवतं याची मी चौकशी केलेली नाही.

अण्णा


३ मे

धम्मपाल,

इकडे ऊन असं आहे की दुपारी कुत्रीसुद्धा दिसत नाहीत. परातीतलं पाणीच कोमट होतं, तर बरणी गार कशी राहणार? आणि फ्रिजमध्ये ठेवली तर जीव वाढायचेच थांबतात. तुझ्या आईने आठवडाभर फडकी बदलली. तरी वासात फरक पडला, थोडा गावठी केळ्यासारखा आला. उष्णतेने तसा येतो. मी तिला म्हटलं, जागा बदल. कुठे ते विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण मला या कामाशी काही देणंघेणं नाही.

पहिल्या खेपेचं यीस्ट तळाशी बसल्यावर वरचं पाणी ओतून टाकलं आणि खालच्या पांढऱ्या थरावर दुप्पट माल्टचं पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत फेस गळ्याशी आला. तुझी आई बरणीसमोर पाट टाकून बसली होती. म्हणाली, "बघा, कसं खदखदून राह्यलंय. खातंय पोट भरून."

मी म्हटलं, "जीव हायेत, तुझे पोरं न्हाईत."

तर म्हणाली, "पोरानंच पाठिवलेत ना."

मी बाहेर निघून आलो. तुला सांगायला हरकत नाही, तो फेस बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच मोठा धक्का बसला. राजानंद गेल्यापासून आंबलेल्या कशाचाही वास मला सहन होत नाही, तुझ्या आईला घरात ताडीचा विषयही काढू देत नाही मी. आणि इथे मी एका बरणीपुढे उभा राहून मनात म्हणत होतो, अजून थोडे वाढा, एवढ्यात भागायचं नाही.

मंडळाची बातमी: बाजाराच्या दिवशी बायकांनी नदीकडच्या झुडपांतून हातभट्टीचे प्लास्टिकचे कॅन पकडले. सगळ्यात पुढे सगुणाबाई होती. तिला तू ओळखतोस, आपल्या गल्लीच्या टोकाचं घर. नवरा दारूने गेला, आता मुलगा पप्पू पुण्यात गाडी चालवतो आणि तोही पितो. कॅन समाजमंदिराच्या मागच्या खोलीत ठेवले आहेत. पोलीस येऊन पंचनामा करतील. पंच म्हणून सही नेहमीप्रमाणे माझी.

अण्णा


८ मे

धम्मपाल,

झालं तेच सांगतो. माझ्या बाजूने रंगवून लिहायची आज हिंमत नाही.

सकाळी जमादार आले. समाजमंदिरापुढे बायका जमल्या होत्या. मागच्या खोलीची किल्ली अध्यक्षाकडे असते, म्हणजे तुझ्या आईकडे. ती खोली तुला आठवत असेल, दगडी, खिडकी नाही, मे महिन्यातही पाय टाकला की गार लागतं. जमादारांचा माणूस एकेक कॅन बाहेर आणून ठेवत होता आणि जमादार लिहीत होते. मी पेन काढून खुर्चीवर बसलो होतो. शेवटचा कॅन आला. मग तो माणूस परत आत गेला आणि दोन्ही हातांनी कवटाळून आजीची बरणी घेऊन आला.

वर चांदीचा कागद. गळ्यापाशी त्या दिवशी झाकणाने काच उडालेली. गारव्यासाठी जागा बदल म्हणालो होतो, तर या बाईने पकडलेल्या दारूच्या शेजारी नेऊन ठेवली होती. किल्ली तिच्याजवळ, आत कुणी जात नाही, आणि गावात त्याहून गार खोली नाही. विचार अगदी बरोबर केला होता तिने. फक्त पोलीस आधी कळवून येतात असं ती धरून चालली होती.

जमादार म्हणाले, "हे बी तेच्यातलंच दिसतंय," आणि कागदावर लिहू लागले, काचेची बरणी एक.

मी पेनाचं टोपण काढून ठेवलं. तो कागद माझ्यापुढे आला असता, मी सही केली असती, आणि तुझी बरणी कॅनांबरोबर गटारीत गेली असती. तुझं काम संपलं असतं आणि मला ते कुणाला सांगावंही लागलं नसतं. हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात स्पष्ट होतं.

तेवढ्यात तुझी आई पुढे झाली. "थांबा सायेब. ती बरणी माही हाय."

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. जमादार हसले. त्यांना वाटलं, बाई बरणी परत मागते आहे. म्हणाले, "बरणी घ्या की वापस, आतलं वतून देतो."

"आतलं बी माहंच हाय. माह्या लेकाचं. तेच्यासाठी वाढवलंय मी घरी."

सगुणाबाईच्या डोक्यावरचा पदर खाली पडला होता, तिला भान नव्हतं. तुझी आई माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी उठलो. का उठलो ते मला सांगता येणार नाही. जमादारांना म्हटलं, हे यीस्ट आहे, पावात घालतात तसं, माझा मुलगा पुण्याला परवान्याच्या कारखान्यात बिअर बनवायच्या कामावर आहे, त्याच्यासाठी आहे. गावात हे वाक्य मी आजवर उच्चारलं नव्हतं. लोक विचारायचे तेव्हा "कंपनीत आहे" म्हणायचो.

जमादारांनी विचारलं, "गुरुजी, तुमी सांगा बराबर. तेच्यात दारू हाय का न्हाई?"

आता नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. माझ्या शब्दावर त्यांनी कागद मिटला असता. पण समोर ज्या बायका होत्या त्यांना खोटं न बोलायचं चौथं शीलही मीच म्हणून दाखवतो. मी म्हटलं, "वरच्या पाण्यात थोडी हाय."

"मंग वतावं लागतंय."

"ओततो. मीच ओततो."

काल रात्रीपासून बरणी हलवायची नाही, असं तू आईला सांगितलं होतंस. त्यामुळे सगळं यीस्ट तळाशी बसलं होतं, चांगला चार बोटं पांढरा थर, आणि वर नितळ तांबूस पाणी. ते पाणी टाकूनच द्यायचं असतं. मी बरणी उचलली, गटारीच्या कडेला गेलो आणि हळूहळू कलती केली. बारीक धार. सगळ्या बायका बघत होत्या. मध्येच हिसका बसला असता तर तळ ढवळला असता आणि सगळंच वाहून गेलं असतं. परीक्षानळीतलं द्रावण पोरांना ओतून दाखवताना जसा श्वास धरायचो तसा धरला. पांढरं तोंडाशी आलं तेव्हा बरणी सरळ केली.

जमादारांनी लिहिलं, बरणीतील द्रव पंचांसमक्ष नष्ट केला. मी सही केली. यात एक अक्षर खोटं नाही.

मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात सगुणाबाई पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"गुरुजी, पानी वतलं ते बराबर केलं तुमी. पन हे पांढरं पुन्याला जाईन, तिथं वाढंन, तेच्या बाटल्या व्हतीन. तेच्यातली येक बाटली माह्या पप्पूच्या हातात यायची न्हाई, असं लिहून देता का तुमी? तुमी सगळ्याला लिहून देता."

पेन माझ्या हातात होतं. मी ते खिशाला लावलं.

तुझ्या आईने कमरेची किल्ली काढून सगुणाबाईच्या हातात दिली आणि घरी निघाली. मी बरणी घेऊन तिच्यामागे गेलो.

अण्णा


१० मे

धम्मपाल,

तुझा फोन आला असं कळलं. यीस्ट वाचलं का, असं तू आधी विचारलंस आणि आई कशी आहे हे नंतर, म्हणून ती रडली. मग मला म्हणाली, तेचं बी बराबर हाय, दिवस कमी राह्यलेत. ती तुझी बाजू घेणारच.

यीस्ट वाचलं आहे. घरी आणून शेवटची खेप घातली, तीही वाढून आता फ्रिजमध्ये बसायला ठेवली आहे. दूध शेजारच्यांकडे ठेवलं, कारण बरणी आत गेल्यावर दुसरं काही मावत नाही. पांढरा थर बरणीच्या तिसऱ्या हिश्शाला आला आहे. पन्नास लिटर जड बिअरला हे पुरेल, मी हिशेब करून पाहिला आहे. वास स्वच्छ आहे, ताज्या पावासारखा, मागे थोडी मोसंबीची साल. चांगलं आहे. मी ते चांगलं वाढलं असं म्हणतो आहे, त्याचं पुढे तू जे करणार ते चांगलं आहे असं म्हणत नाही. तुझी बिअर मी कधी तोंडाला लावणार नाही आणि ती चांगली झाली असंही म्हणणार नाही. पाचवं शील माझ्यासाठी होतं तसंच आहे.

आई घराबाहेर पडलेली नाही. बायका दारावरून जातात आणि आत बघत नाहीत. परवा पौर्णिमा आहे. खिरीचा तांदूळ निवडायला दरवर्षी आपल्याच ओसरीवर बसतात, यंदा कुणी आलं नाही. मी तिला म्हटलं, तू चूक केलीस. ती म्हणाली, "जागेची चूक केली. बाकी न्हाई."

पायल म्हणते, बरणी थंड डब्यात घालून ती रेल्वेने परतूरहून पाठवते, किंवा मी स्वतः घेऊन जावं. मीही काल तसंच ठरवलं होतं, पिशवीसुद्धा काढली होती. संध्याकाळी सगुणाबाई आली. आत आली नाही, दारात उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, जबाब न्हाई दिला तुमी मला."

मी म्हटलं, "माह्याकडं न्हाई जबाब."

"मंग कोनाकडं हाय?"

ती काही भांडायला आली नव्हती. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. तिच्या घरात दोन माणसं या एका गोष्टीने पोखरली, आणि आपल्या घरातला मुलगा तीच गोष्ट शिकून, नीट, स्वच्छ भांड्यांत करतो आहे. तिला यातलं काय समजावं? मलाही समजत नाही. दोन वर्षं मी ते न समजण्यावर दार लावून बसलो होतो आणि त्याला तत्त्व म्हणत होतो.

म्हणून बरणी रेल्वेने येणार नाही आणि मीही आणणार नाही. तू ये आणि घेऊन जा. येताना गल्लीच्या टोकाशी पहिलं घर सगुणाबाईचं लागतं. आधी तिथे थांब. आत बोलावलं तर आत जा, नाही बोलावलं तर दारात उभा राहा. तिचा प्रश्न ऐकून घे. उत्तर असेल तर दे. नसेल तर नाही म्हणून सांग, पण तिच्या तोंडासमोर सांग. तिथून उठल्यावर घरी ये. तुझी आई दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसलेली असते.

मला तुझी आठवण येते. हे मी पायललाही सांगितलं नव्हतं.

सगुणाबाईला काल मी सांगितलं, माझा मुलगा येईल आणि तुला स्वतः जबाब देईल. तिने विचारलं, "येईन का तो?" मी हो म्हणालो. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि गेली. तुला न विचारता तुझ्या वतीने शब्द दिला आहे, धम्मपाल. तू लहान होतास तेव्हापासून मी तुझ्याबद्दल लोकांकडे तक्रारीच केल्या, शब्द कधी कुणाला दिला नव्हता. पहिल्यांदाच दिला आहे, तोही तिला. तो तेवढा खोटा पडू देऊ नकोस.

अण्णा